ड्रायव्हर अपडेटनंतर कॉम्प्युटर हँग होतो, मागे घेतला की चालतो, आणि आठवड्याने परत तेच

ड्रायव्हर म्हणजे ग्राफिक्स, वाय-फाय, डिस्क अशा एकेका भागाला विंडोजशी जोडून देणारा छोटा प्रोग्राम, आणि तो मागे घेणं म्हणजे आधीची आवृत्ती परत बसवणं. लक्षण साधारण असं असतं. मशीन काल संध्याकाळपर्यंत नीट चालत होतं, रात्री अपडेट आला म्हणून ‘अपडेट अँड शट डाउन’ केलं, सकाळी चालू केलं आणि थोड्या वेळात स्क्रीन आहे तिथेच थांबली. माऊस हलत नाही, कीबोर्ड ऐकत नाही, गाणं लावलेलं असेल तर शेवटचा सूर घरघर करत राहतो. शेवटी पॉवर बटण दाबून धरायचं. मग कुणीतरी सांगतं ड्रायव्हर मागे घे, घेतला, चाललं, सगळे खूष. आठवडाभराने परत तेच. मग फॉर्मॅट मारतात, आणि फॉर्मॅट मारल्यावरसुद्धा परत तेच होतं, तेव्हा माणूस म्हणतो मशीनच गेलं, नवीन घेऊ.

मशीन बहुतेक वेळा गेलेलं नसतं. ड्रायव्हर मागे घेणं हे अर्धंच काम आहे, तो परत कुठल्या वाटेने येतो ती वाट बंद करणं हे राहिलेलं अर्धं, आणि ते कुणी करतच नाही म्हणून हा त्रास फिरून फिरून येतो. म्हणून सविस्तर लिहितोय.

गोव्यात म्हापशाला आमच्याकडे दुरुस्तीला येणारी मशिनं जास्त करून डीटीपीवाल्यांची (म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर जुळवणाऱ्यांची), छोट्या हॉटेलांची, हिशेब लिहिणाऱ्यांची आणि कॉलेजच्या पोरांची. ह्यात डीटीपीवाल्यांसाठी फॉर्मॅट म्हणजे खरंच मोठं नुकसान असतं. बोडगेश्वराच्या जत्रेची हँडबिलं, गावच्या नाटकाच्या जाहिराती, लग्नाच्या पत्रिका, चवथीला वाटायच्या आरत्यांच्या पुस्तिका, हे सगळं जुन्या मराठी फॉन्टांत केलेलं असतं, युनिकोडमध्ये नाही. तो फॉन्ट गेला की दहा वर्षांच्या फायली उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ते चालायला मशीनला लावायची किल्ली), त्याची जुनी सीडी, कुठल्या कपाटात आहे कुणाला ठाऊक नसतं. एका ड्रायव्हरसाठी हे सगळं पुसायची गरज नाही हो.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट, ही सोडू नका. विंडोज अकरा आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते, आपल्याला न विचारता. तुम्ही रिकव्हरीत (विंडोजच्या दुरुस्तीच्या स्क्रीनवर) गेलात, सेफ मोडकडे निघालात (तो काय ते खाली सांगितलंय), की मशीन ह्या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, रिकव्हरी की मागू शकतं, ४८ आकडी. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, तेव्हा फोनवरून त्या अकाउंटला लॉगिन करून आधी ती कागदावर उतरवून घ्या. लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोराने स्वतःच्या ईमेलने अकाउंट बनवून दिलं असेल तर की त्याच्याकडे आहे, आधी त्याला फोन करा. की मिळाली नाही तर आतला डेटा कुणीही काढून देऊ शकत नाही, म्हणून हे पहिलं.

आता हँग नेमका कसा होतो ते बघा, कारण ‘हँग झाला’ म्हणताना लोक वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतात. हँग झाला की कॅप्स लॉक दाबून बघा. लाईट लागते-विझते म्हणजे आत विंडोज अजून जिवंत आहे, फक्त समोरचा भाग अडकलाय. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा, ह्याने ग्राफिक्स ड्रायव्हर जागच्या जागी रीसेट होतो, स्क्रीन एकदा लपकते, बऱ्याचदा बीप वाजतो. त्यानंतर मशीन परत हलायला लागलं तर संशय सरळ ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर. कॅप्स लॉकची लाईटसुद्धा हलत नसेल तर पार खालपर्यंत अडकलंय, मग ड्रायव्हर किंवा हार्डवेअर दोन्ही असू शकतं. स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होऊन परत येते आणि काही वेळाने तसंच होतं, हेही ग्राफिक्सचंच. व्हिस्टापासून विंडोजमध्ये अशी सोय आहे की ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज त्याचा ड्रायव्हर झटकून परत चालू करतं. ते जमलं तर स्क्रीन परत येते, नाही जमलं तर हँग किंवा निळी स्क्रीन. आणि माऊस हलतोय पण कशावर क्लिक केलं तरी अर्धा मिनिट काही होत नाही, मग एकदम सगळं उघडतं, परत अडकतं, असं असेल तर ग्राफिक्स सोडा, एसएसडी-हार्डडिस्ककडे किंवा स्टोरेजच्या ड्रायव्हरकडे बघा.

एक ड्रायव्हर सगळं मशीन कसं काय बंद पाडू शकतो असं लोक विचारतात. ब्राउझर अडकला तर तो एकटा मरतो, पण ड्रायव्हर बहुतेक कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, आत चालतात, तिथे चूक झाली की तिला वेगळं काढायला कुणी नसतं. १९ जुलै २०२४ ला जगभर निळ्या स्क्रीन आल्या, विमानतळांवर लोक अडकले, आपल्या देशात काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, आठवतंय ना? तो क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक बिघडलेला अपडेट होता, कर्नलमध्ये चालणारा त्यांचा ड्रायव्हर ती फाईल वाचताना कोसळत होता, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशिनं त्यात बंद पडली. तिथेही उपाय सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाईल काढणं हाच होता, फॉर्मॅट नव्हे.

तर सेफ मोड. विंडोज थोडा वेळ तरी चालत असेल तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट म्हणा. तेवढाही वेळ देत नसेल तर लोगो दिसताच पॉवर बटण दाबून बंद करा, असं दोन-तीनदा केलं की विंडोज आपणच रिकव्हरीत जातं. पूर्वीचं एफ-एट विंडोज आठपासून नेहमीच्या सेटिंगमध्ये चालत नाही, ते दाबत बसू नका. तिथे ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की ४. इंटरनेट पाहिजे असेल तर ५, पण ह्या कामाला इंटरनेट नसलेलंच बरं. सेफ मोडमध्ये विंडोज फक्त अगदी गरजेचे ड्रायव्हर घेतं. तासभर तिथे काम करून बघा. सेफ मोडमध्येसुद्धा हँग झालं तर बाहेरच्या ड्रायव्हरवरचा संशय बराच कमी होतो, मग खाली हार्डवेअरचं लिहिलंय तिकडे जा.

चाललं? मग गुन्हेगार शोधायचा. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाईप करा, रिलायबिलिटी हिस्टरी म्हणून येतं, तारखेप्रमाणे आलेख दिसतो. कुठल्या दिवसापासून लाल फुल्या सुरू झाल्या आणि त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी काय इन्स्टॉल झालं हे एकाच ठिकाणी दिसतं, मला तर हे इव्हेंट व्ह्यूअरपेक्षा (विंडोजच्या सविस्तर नोंदवहीपेक्षा) जास्त उपयोगी वाटतं. तिथे ‘हार्डवेअर एरर’ असं लिहून खाली लाइव्ह कर्नल इव्हेंट, कोड १४१ किंवा ११७ दिसला तर घाबरून कार्ड बदलायला जाऊ नका. हे दोन्ही कोड ग्राफिक्सने वेळेत उत्तर दिलं नाही एवढंच सांगतात, नाव हार्डवेअर एरर असलं तरी कारण पुष्कळदा ड्रायव्हरच असतो.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये जाणारच असाल तर विंडोज लॉग्ज, सिस्टिम. तिथे कर्नल-पॉवर ४१ लाल रंगात दिसतो आणि सगळे त्याच्यावर अडकतात, पॉवर सप्लाय बदलून आणतात. तो ४१ एवढंच म्हणतो की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. अहो, तुम्हीच बटण दाबून बंद केलंत, तर तो येणारच. बघायचं ते त्याच्या आधीच्या दहा-पंधरा मिनिटांतलं. ४१०१ दिसला तर डिस्प्ले ड्रायव्हर अडकून परत आला. १२९ दिसत असेल, रीसेट टू डिव्हाइस असं लिहिलेला, तर स्टोरेज.

मग डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली मशीनच्या सगळ्या भागांची यादी. ज्याच्यावर संशय आहे त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये इव्हेंट्स नावाचा टॅब असतो, तिकडे कुणी जात नाही, पण ड्रायव्हर कधी बसला ते तारीख-वेळेसकट तिथे लिहिलेलं असतं. ड्रायव्हर टॅबवरची तारीख मात्र फसवी असते हां. विंडोजच्या स्वतःच्या बऱ्याच ड्रायव्हरांवर २१ जून २००६ दिसते, मुद्दाम जुनी ठेवलेली, म्हणजे कंपनीचा ड्रायव्हर आला की तो वरचढ ठरावा. इंटेलच्या चिपसेटवाल्या (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांच्या) काही नोंदींवर १८ जुलै १९६८ दिसते, ती इंटेल कंपनी सुरू झाली ती तारीख. लोक ते बघतात, वाटतं बापरे केवढा जुना, आणि कुठलं तरी ड्रायव्हर अपडेटर सॉफ्टवेअर घालून सगळं नवीन करतात, आणि चांगलं चालणारं मशीन तिथून बिघडायला लागतं. ती अपडेटर सॉफ्टवेअरं मशीनवर असतील तर आधी ती काढा. माझ्या मते त्यांची गरज कुणालाच नाही.

आता मागे घ्यायचं. ड्रायव्हर टॅबवर रोल बॅक ड्रायव्हर चालू असेल तर दाबा आणि रीस्टार्ट करा. रीस्टार्टच, शट डाउन नाही. विंडोज आठपासून फास्ट स्टार्टअप नावाचं आहे, ते चालू असताना शट डाउन केलं तर कर्नल आणि ड्रायव्हर डिस्कवर झोपवून ठेवतात आणि सकाळी तेच उठवतात, म्हणजे तुम्हाला वाटतं बंद करून चालू केलं पण आत जुनंच चाललेलं असतं. ‘रात्री बंद केलं तरी सकाळी तसंच’ ह्या तक्रारीमागे हे खूपदा असतं. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंदच करून टाका, एसएसडी असेल तर चालू व्हायला काही फार जास्त वेळ लागत नाही.

रोल बॅक फिकट दिसत असेल, दाबता येत नसेल, तर तिथेच अपडेट ड्रायव्हर म्हणा, मग ब्राउज माय कॉम्प्युटर, मग लेट मी पिक. मशीनमध्ये साठवलेल्या सगळ्या आवृत्त्यांची यादी येते, त्यातून जुनी निवडा. ग्राफिक्ससाठी त्या यादीत मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर पण असतो. तो घातला तर चित्र ओबडधोबड दिसेल, व्हिडिओ अडखळेल, पण चाचणी म्हणून एकदम उत्तम, दिवसभर त्याच्यावर काम करा, एकदाही हँग झालं नाही तर ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवरचा संशय जवळजवळ पक्का.

हे केल्यावर बहुतेक जण थांबतात. आणि आठवड्याने परत येतात.

परत का येतो ते समजून घ्या. विंडोज प्रत्येक ड्रायव्हरची प्रत सी ड्राइव्हमध्ये ड्रायव्हर स्टोअर म्हणून एका फोल्डरमध्ये ठेवतं. तुम्ही अनइन्स्टॉल डिव्हाइस केलंत आणि खालच्या चौकोनात टिक केली नाहीत, तर रीस्टार्ट झाल्यावर विंडोज त्याच फोल्डरातून तोच बिघडलेला ड्रायव्हर उचलून परत बसवतं. ती टिक विंडोज अकरात ‘अटेम्प्ट टू रिमूव्ह द ड्रायव्हर’ आणि दहात ‘डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर’ अशी दिसते. ती केलीच पाहिजे. दोन-तीन आवृत्त्या साठल्या असतील तर प्रत्येकीसाठी करा, बिघडलेली जाईपर्यंत. ग्राफिक्ससाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं फुकट टूल आहे, डीडीयू म्हणतात, ते सेफ मोडमध्ये, वाय-फाय बंद करून आणि लॅनची वायर काढून चालवलं की त्या कंपनीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचं सगळं साफ होतं. वायर काढायला विसरू नका, नाहीतर इकडे साफ होतंय आणि तिकडे विंडोज मागच्या दाराने परत डाउनलोड करतंय.

स्टोरेजच्या ड्रायव्हरवर मात्र हा प्रयोग करू नका. इंटेलचा रॅपिड स्टोरेज किंवा व्हीएमडी (डिस्क सांभाळायच्या इंटेलच्या सोयी) असलेल्या लॅपटॉपवर तो असाच काढला किंवा बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) जाऊन मोड बदलला तर विंडोज चालूच होणार नाही. तिथे फक्त रोल बॅक, नाहीतर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा जुना ड्रायव्हर वर घालायचा.

साफ झाल्यावर चांगला ड्रायव्हर कुठून आणायचा? लॅपटॉप असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, मागच्या स्टिकरवरचं पूर्ण मॉडेल घालून. तिथला ड्रायव्हर वर्ष-दोन वर्षं जुना असू दे, काही बिघडत नाही. ज्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधलं आणि एक वेगळं, तिथे एकाचा ड्रायव्हर नवा आणि दुसऱ्याचा जुना झाला की भांडणं लागतात, म्हणून दोन्ही तिथूनच घ्या. सुटे भाग जोडून बनवलेलं डेस्कटॉप असेल तर कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून, आणि पूर्वी जी आवृत्ती नीट चालत होती तीच.

आणि आता वाटा बंद करायच्या. पहिली वाट विंडोज अपडेट. स्टार्टमध्ये ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’ शोधा, तिथे नो निवडून सेव्ह करा. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये, विंडोज अपडेटच्या खाली, ‘डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स’ आहे, ते एनेबल करा, हे जास्त पक्कं. सुरक्षेचे अपडेट येत राहतात, फक्त ड्रायव्हर येत नाहीत, म्हणून सगळे अपडेटच बंद करून बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. दुसरी वाट ऑप्शनल अपडेट्सची, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये असते, तिथे ड्रायव्हरांची यादी दिसते आणि लोक सगळ्याला टिक करतात कारण अपडेट म्हणजे चांगलंच असं वाटतं. जे चालतंय त्याला तिथून हात लावू नका. तिसरी वाट लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं अॅप, चौथी ग्राफिक्स कंपनीचं अॅप, दोन्हींत आपोआप अपडेट बंद करायची सोय असते. विंडोज अपडेटला कुलूप लावलं आणि तिसरी-चौथी उघडी राहिली तर परत तेच, आणि फॉर्मॅटनंतर परत येतं ते सुद्धा ह्याचमुळे, नवीन विंडोज इंटरनेटला लागलं की पहिल्याच दिवशी तोच ड्रायव्हर खाली उतरवतं.

हे सगळं करूनही, बेसिक डिस्प्लेवर किंवा सेफ मोडमध्ये हँग होतंच असेल, तर अपडेटशी त्याचा संबंध नुसता योगायोगाचा असू शकतो. आपल्याकडे हे पावसात फार होतं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, बहुतेक जून ते सप्टेंबरात, हवा ओली, कळंगुट-कांदोळीकडे वर समुद्राची खारी हवा, आणि त्यात दिवसातून कितीदा तरी लाईट जाते-येते. रॅमच्या पट्टीवरच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. वायर काढून, बॅटरी निघत असेल तर काढून, रॅम बाहेर काढा, पेन्सिलचं खोडरबर त्या पट्ट्यांवर हलक्या हाताने फिरवा, ब्रशने कण झाडा आणि क्लिक होईपर्यंत घट्ट बसवा. मग विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा. पंख्यातली धूळ काढा. डेस्कटॉपचा यूपीएस जुना असेल तर त्याची बॅटरी बघा, लाईट जाऊन यूपीएसवर आल्याच्या क्षणी हँग होत असेल तर दोष तिथे आहे. आणि एसएसडीची तब्येत दाखवणारं एखादं टूल चालवून बघा. पण डेटाची कॉपी आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या, मग बाकीचं. डीटीपीवाल्यांनो, फॉन्टचं फोल्डर पण घ्या, नुसत्या फायली नाही.

अजून एक, जुन्या मशीनवाल्यांसाठी. विंडोज दहाचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून खूप जण दहावरून अकरावर गेलेत आणि त्यानंतर हँग सुरू झालाय असं सांगतात. तिथे अकरा आल्यावर सगळेच ड्रायव्हर बदललेले असतात, एकच पकडायला जाऊ नका. कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचे अकराचे ड्रायव्हर आहेत का बघा. असतील तर चिपसेटपासून सुरुवात करा, मग ग्राफिक्स, मग वाय-फाय, प्रत्येकानंतर रीस्टार्ट आणि एक दिवस काम. एकदम सगळे घातले तर कुठल्याने बिघडलं ते परत कळणार नाही.

बंद केलेला ड्रायव्हर कायमचा बंद ठेवायचा असंही नाही. दोन-तीन महिन्यांनी त्याच्या पुढची आवृत्ती आली की तिची माहिती वाचा, हँग किंवा काळ्या स्क्रीनची दुरुस्ती केल्याचं लिहिलं असेल तर सिस्टिम रिस्टोरचा पॉइंट बनवून, कामाच्या गर्दीचा दिवस नसताना, हाताने घालून बघा. सिस्टिम प्रोटेक्शन बऱ्याच मशिनांवर बंदच असतं, सी ड्राइव्हसाठी ते आधी चालू करावं लागेल. शुक्रवारी बाजाराच्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक उभं असताना हे काम काढू नका, शनिवारी संध्याकाळी काढा, म्हणजे बिघडलंच तर मागे घ्यायला रविवार हातात असतो.